जुनं गोवं आणि गोव्यातली जुनी घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की निरोप सुरू होतात. "ताई, समुद्र बघून झाला, आता जुनी घरं दाखवा." मी वर्षाकाठी चार-पाच छोटे गट गोव्यात फिरवते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. तेच ते उत्तर दरवेळी लिहिण्यापेक्षा एकदा नीट मांडून ठेवते. आधी सोपे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एक गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे नुसता क्रमांक दिला आहे.

1. जुनं गोवं म्हणजे नक्की कुठे? ते आणि पणजी एकच ना?

एकच नाहीत. जुनं गोवं पणजीपासून पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर, मांडवीच्या काठी आहे. बसवर 'ओल्ड गोवा' लिहिलेलं असतं, कोकणीत त्याला 'पोरणें गोंय' म्हणतात. रेल्वेने येत असाल तर करमळी स्टेशन सर्वांत जवळ पडतं. 25 नोव्हेंबर 1510 रोजी अफोंसो द अल्बुकर्कने हे शहर आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा आणि कायमचं घेतलं. त्याच वर्षी आधी एकदा घेऊन त्याला ते सोडावं लागलं होतं. 1530 पासून पुढची तीनशेहून अधिक वर्षं निदान कागदोपत्री तरी हीच पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी होती. पणजीला राजधानीचा दर्जा 1843 मध्ये मिळाला. व्हाइसरॉय मात्र 1759 मध्येच पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला गेला होता.

पणजीहून जाताना शक्य असेल तर रायबंदरचा जुना रस्ता घ्या. पाणथळीतून जाणारा तो लांबलचक बांध 1630 च्या दशकातला आहे आणि अजून त्याच्यावरून वाहतूक चालते.

2. आम्हाला जुन्या गोव्यातली पोर्तुगीज काळातली घरं बघायची आहेत. पत्ते द्याल का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर ऐकून लोक हिरमुसतात. जुन्या गोव्यात घरं उरलेली नाहीत. चर्चेस आहेत, कॉन्व्हेंट्स आहेत, एक कमान आहे आणि मधे हिरवळ आहे. जिथे आज हिरवळ आणि माडाच्या बागा दिसतात तिथे एके काळी बाजारपेठ आणि दुमजली घरांच्या रांगा होत्या.

साथींनी शहर पोखरलं. पाणी वाईट, जमीन दलदलीची. कॉलरा आणि हिवताप पिढ्यान्‌पिढ्या पाठ सोडेनात. नदीत गाळ साचत गेला. सतराव्या शतकात डच समुद्रावर वरचढ झाले आणि व्यापार आटला. अठराव्या शतकात लिस्बनहून शहर पुन्हा उभारायचा हुकूम आला, काम सुरू झालं, मजूर आजारी पडून मेले आणि बेत सोडून द्यावा लागला. 1830 च्या दशकात धार्मिक संघ बरखास्त झाले, तशी कॉन्व्हेंट्सही ओस पडली.

घरांचे चिरे मात्र वाया गेले नाहीत. जांभ्याचा चिरा काढून दुसरीकडे लावता येतो. जुन्या गोव्याच्या पडक्या भिंती पणजीच्या बांधकामांत गेल्या. म्हणून मी गटाला सांगते, जुन्या गोव्याची घरं बघायची असतील तर पणजीला चला, निदान त्यांचे दगड तरी तिथे आहेत.

3. मग जुनी घरं नेमकी कुठे बघायची?

तीन ठिकाणं धरा. पणजीत फोंताइन्हास आणि शेजारचा मळा: अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वसत गेलेली शहरी वस्ती, अरुंद गल्ल्या, रंगीत भिंती. ही घरं बाहेरूनच बघायची असतात (प्रश्न 10).

दुसरं ठिकाण सासष्टी, म्हणजे दक्षिणेचा मडगावकडचा भाग. मडगावहून दहा-बारा किलोमीटरवर चांदर आहे, तिथलं मिनेझिस ब्रागांझा घर हे गोव्यातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध घर. रस्त्यालगत खिडक्यांची ओळच्या ओळ, आणि आत दोन स्वतंत्र भाग, कारण घराची वाटणी दोन शाखांत झालेली आहे. पश्चिमेचा भाग मिनेझिस ब्रागांझांचा, पूर्वेचा ब्रागांझा परेरांचा. पूर्वेच्या भागात नाचाचा मोठा दिवाणखाना आणि घरचं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे. पश्चिमेच्या भागात लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) यांचा ग्रंथसंग्रह आहे. चांदरमध्येच फर्नांडिस घराण्याचं अधिक जुन्या धाटणीचं घर आहे. शत्रू आला तर लपायची आणि बंदूक रोखायची जागा त्यात दाखवतात. मुलांना तेच लक्षात राहतं. लोटलीला 1757 चं काझा आराउजो आल्वारिस आणि फिगेरेदोंचं घर आहे. केप्याला 'पालासियु दु दियांव' आहे. केपे गाव वसवणारे धर्मगुरू जुझे पाउलु द आल्मैद यांनी ते 1787 मध्ये कुशावतीच्या काठी बांधलं आणि अलीकडे त्याची फार निगुतीने डागडुजी झाली आहे.

तिसरी जागा घर नाही, घराविषयीचं संग्रहालय आहे. बार्देशात तोर्डा इथे वास्तुकार जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेलं 'हाउसेस ऑफ गोवा'. इमारत जहाजासारखी त्रिकोणी आहे. घरं बघण्याआधी इथे एक तास घालवलात तर पुढच्या प्रत्येक घरात डोळे अधिक काम करतात.

4. ही सगळी पोर्तुगीजांची घरं का?

नाही. पाट्यांवर, जाहिरातींत सर्रास 'पोर्तुगीज घर' लिहितात. चांदर, लोटली इथली मोठी घरं गोंयकारांनीच बांधली: ख्रिस्ती झालेल्या, जमीनजुमला राखून असलेल्या भाटकारांनी (जमीनदारांनी), धर्मगुरूंनी, सरकारी चाकरीतून आणि मोझांबिक-मकावच्या व्यापारातून वर आलेल्या कुटुंबांनी. गवंडी इथले, सुतार इथले, शिसवी फर्निचरही बहुतेक इथल्याच हातांचं. दिवाणखाना युरोपचा, चिनीमातीची भांडी मकावमार्गे आलेली, आणि मागच्या बाजूला रांधपाघर, विहीर, तांदळाची कोठारं मात्र कुठल्याही कोकणी घरातली.

लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचंच बघा. अशा घरातला हा माणूस 1900 साली निघालेल्या 'ओ हेराल्दो' या गोव्यातल्या पहिल्या दैनिकाच्या संस्थापकांपैकी एक, आणि 1930 मध्ये सालाझारच्या वसाहतविषयक कायद्याविरुद्ध त्यांनी विधिमंडळात ठराव मांडला. पणजीतली इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा ही संस्था आज त्यांचं नाव लावते. पूर्वी तिच्या पाटीवर वास्को द गामा होता. तिथल्या दारातल्या निळ्या फरशा बघायला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

5. घर बघायला तिकीट किती? आधी कळवावं लागतं का?

काही घरांना तिकीट आहे, काहींना ऐच्छिक देणगी, काही फक्त आधी ठरवूनच उघडतात. आकडे देत नाही, कारण ते बदलतात आणि मग मलाच शिव्या बसतात. चांदरला दोन्ही भागांत स्वतंत्र देणगी द्यायची असते. "पलीकडे दिली की" म्हणून पर्स मिटू नका. दोन चुली आहेत, दोन छपरं गळतात. केप्याला जेवणासह भेट ठरवता येते, पण एक-दोन दिवस आधी फोन हवा.

एक गोष्ट मनावर घ्या. संग्रहालयात तुम्ही तिकीट काढून हक्काने जाता, घरात पाहुणे म्हणून जाता. दार उघडणारी म्हातारी बाई 'गाइड' नसते, बहुधा मालकीण असते. दुपारी एक ते चार बेल वाजवू नका, ती विश्रांतीची वेळ. रविवारी सकाळी घरचे मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला गेलेले असतात. दहाहून जास्त माणसं एकदम नेऊ नका. निघताना "देव बरें करूं" म्हणा. धन्यवादपेक्षा हे जास्त पोहोचतं.

6. घरात नक्की काय बघायचं? आम्हाला सगळंच 'जुनं फर्निचर' दिसतं.

बाहेरून सुरुवात करा. पुढच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे (बांधीव बाकं), वर छोटं छप्पर: हा बलकांव. संध्याकाळी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची ही जागा. आपल्याकडची ओटी म्हणा हवं तर. ओटीवर मात्र निवडण-टिपण चालतं, बलकांवात नुसतं बसणं.

मग खिडक्या. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात लाकडी चौकटीत शिंपल्यांचे पातळ, घासलेले चौकोन बसवत. प्रकाश आत येतो, ऊन येत नाही, बाहेरचा माणूस दिसत नाही. सकाळी आठ-नऊला पूर्वेच्या खोलीत उभं राहून बघा, भिंतीवर दुधासारखा उजेड पडतो. या खिडक्या झपाट्याने जात आहेत. शिंपले मिळत नाहीत, बसवणारे हातही मिळत नाहीत, आणि ॲल्युमिनियमची सरकती खिडकी एका दिवसात लागते.

आत गेलात की वर बघा. छत लाकडी असेल, कधी रंगवलेलं. दिवाणखान्यातल्या खुर्च्यांच्या पाठी बघा, बसायच्या जागेचं वेताचं विणकाम बघा, पण बसू नका. हे मी अनुभवाने सांगते. एका घरात बोलण्याच्या नादात मी दीडशे वर्षांच्या खुर्चीवर टेकले, वेत कर्रकन वाजला, आणि यजमानीणबाईंनी एक शब्दही न बोलता मला प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. ती शांतता अजून आठवते.

शेवटी स्वयंपाकघर दाखवतात का ते विचारा. बहुतेक जण दाखवत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. दाखवलं तर झुंबरांपेक्षा जास्त वेळ तिथे द्या.

7. 'चारशे वर्षांचं घर' म्हणतात ते खरं असतं का?

पाया, एखादी भिंत, कपेल चारशे वर्षांचं असू शकतं. पण घर प्रत्येक पिढीने वाढवलेलं असतं. आज जो थाट दिसतो, म्हणजे मोठ्या खिडक्या, बलकांव, नाचाचा दिवाणखाना, तो मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला. त्याआधीची घरं अंतर्मुख असत, मधे चौक, बाहेर कोऱ्या भिंती.

एक सोपी खूण: चपटी मंगलोरी कौलं दिसली तर छप्पर 1865 नंतरचं, कारण बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळुरात त्या साली सुरू झाला. त्याआधी अर्धगोल नळ्यांची कौलं होती. अर्थात छप्पर बदलून घर जुनं राहू शकतं, हे आपल्यापैकी अनेकांना गावच्या घरावरून ठाऊक आहेच.

8. जुन्या गोव्यात संग्रहालयं कोणती? एकालाच वेळ असेल तर कोणतं?

दोन आहेत. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या कॉन्व्हेंटात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, 1964 पासूनचं. दारात अल्बुकर्कचा ब्राँझचा पुतळा, तळमजल्यावर पोर्तुगीजपूर्व मूर्ती, वीरगळ, सतीशिळा. वर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची लाकडी फळ्यांवरची चित्रं. ही चित्रमाला 1547 मध्ये जुआंव द कास्त्रोने गास्पार कोरैया आणि एका स्थानिक चित्रकाराकडून सुरू करवली. कोरैयाचं नाव राहिलं, आपल्या चित्रकाराचं राहिलं नाही. शतकानुशतकं ही चित्रं पुनःपुन्हा रंगवली गेली, त्यामुळे चेहऱ्यांवर फार विसंबू नका.

दुसरं म्हणजे सांता मोनिका कॉन्व्हेंटातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. ते 1994 मध्ये राशोलला सुरू झालं, 2002 मध्ये इथे आलं आणि दीर्घ दुरुस्तीनंतर 2022 मध्ये पुन्हा उघडलं. हस्तिदंताच्या मूर्ती, जरीकामाचे झगे, चांदी, आणि पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं एक पात्र. विषय ख्रिस्ती, पण मूर्तींचे डोळे, वेलबुट्टी, बसण्याची ढब बघा. कारागीर कुठल्या देवळाच्या सावलीत शिकला असेल ते लगेच कळतं. एकच बघायचं तर मी हे सांगेन. मांडणी नीट, उजेड नीट, मजकूर वाचनीय. ज्यांना वीरगळ आणि शिल्पात रस आहे त्यांनी पहिलं निवडावं.

जुन्या गोव्याबाहेरचं म्हणाल तर बाणावलीचं 'गोवा चित्र' चुकवू नका. नांगर, घाणे, मापं, गाड्या असा हजारो वस्तूंचा कष्टकऱ्यांच्या जगण्याचा संग्रह आहे तो. भाटकाराचं झुंबर बघून झालं की ते झुंबर कशावर टांगलं होतं ते इथे समजतं.

9. कोणत्या दिवशी काय बंद असतं? कपडे आणि फोटोंचे नियम काय?

पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. खाजगी संग्रहालयं बरीचशी सोमवारी बंद ठेवतात. चर्चेसमध्ये प्रवेशाला पैसे नाहीत, पण रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, तेव्हा पर्यटक म्हणून दहा-साडेदहानंतरच जा. 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) आणि 3 डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त. त्या दिवसांत गर्दी बघायची असेल तरच या, इमारती दिसणार नाहीत.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला काढायची सक्ती नाही. आपल्याकडच्या सवयीने लोक दारात काढतात आणि मग शोधत बसतात. चर्चच्या आत स्वतःला पुढे उभं करून फोटो काढू नका, अशा पाट्याही आहेत. घरात फोटोंबद्दल आधी विचारा. देव्हाऱ्याचे आणि माणसांचे तर विचारल्याशिवाय नाहीच.

10. फोंताइन्हासमध्ये फोटो काढू देत नाहीत असं ऐकलं. खरं का?

रस्ता सार्वजनिक आहे, चालायला कोणी अडवत नाही. पण तिथे माणसं राहतात. रोज सकाळी कुणीतरी तुमच्या दाराच्या पायरीवर तीन साड्या बदलून पोझ देत असेल, ड्रोन खिडकीशी घोंघावत असेल, तर तुम्हीही पाटी लावाल. तिथल्या अनेक दारांवर तशी पाटी आहे. पायरीवर बसू नका, खिडकीत डोकावू नका, लग्नाआधीचं फोटोशूट तर अजिबात नको. सकाळी सातला जा, गल्ल्या तुमच्याच असतील आणि पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव देताना दिसेल.

सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या कपेलात जरूर जा. तिथल्या क्रूसाबद्दल प्रश्न 12 मध्ये लिहिलं आहे.

11. सेंट झेवियरचं शव दिसतं का?

एरवी बॉम जेझूस बॅसिलिकात चांदीची पेटी उंचावर ठेवलेली दिसते, तिच्या काचेतून खालून थोडंसं काही दिसलं तर दिसलं. साधारण दर दहा वर्षांनी पेटी खाली आणून दर्शन होतं. शेवटचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असं झालं. पेटी सतराव्या शतकात गोव्याच्याच चांदीकारांनी घडवली, खालचा संगमरवरी चौथरा मात्र टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने 1698 मध्ये पाठवलेला. लोक पेटीकडे बघून परततात, चौथऱ्यावरचे ब्राँझचे पट बघत नाहीत.

बॅसिलिका लाल का, हाही ठरलेला प्रश्न. ती तशी नव्हती. जांभ्याला चुन्याचा गिलावा असतोच, नाहीतर पाऊस चिरा खातो. 1950 च्या दशकात गिलावा काढला गेला, आणि तो परत लावावा की नाही यावर अजून वाद चालू आहे. माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे, फोटो तितका चांगला येणार नाही तरीही.

12. इन्क्विझिशनची इमारत, तुरुंग वगैरे दाखवतात का?

इमारत उरलेली नाही. सी कॅथेड्रलजवळच्या चौकात ती होती. लोक तिला 'थोरलें घर' म्हणत, नाव घ्यायचीही भीती होती म्हणून. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा आरोप ठेवून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, 1560 मध्ये आलं, मधे 1774 ते 1778 बंद होतं, आणि 1812 मध्ये कायमचं संपलं. पुढच्या काही दशकांत वाडा जमीनदोस्त झाला. "इथे खाली कोठड्या आहेत" म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

तिथला क्रूस मात्र राहिला. आधी तो पणजीच्या आदिलशाही वाड्यात गेला, मग 1918 मध्ये फोंताइन्हासच्या सेंट सेबॅस्टियन कपेलात. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. इतरत्र बहुधा मिटलेले असतात.

13. हातकातरो खांबावर लोकांचे हात तोडत, हे खरं?

गोष्ट सगळीकडे सांगतात, नावच तसं पडलं आहे. वस्तू म्हणून बघा: हा काळ्या दगडाचा खांब पोर्तुगीजांच्या आधीचा, देवळाच्या बांधकामातला आहे. पोर्तुगीज शहरांत चौकात शिक्षेचा खांब उभारायची पद्धत होती, आणि इथे पाडलेल्या देवळाचा खांब त्या कामी लावला असावा असं मानतात. इन्क्विझिशनशी त्याचा थेट संबंध जोडण्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. खांब रस्त्याच्या कडेला उभा आहे, पाच मिनिटं थांबा. देऊळ पाडून त्याच्याच दगडावर शिक्षा, एवढं पुरेसं भयंकर आहे. तिखटमीठ लावायची गरज नाही.

14. संभाजी महाराज जुन्या गोव्यापर्यंत आले होते का?

अगदी दाराशी. नोव्हेंबर 1683 मध्ये मराठ्यांनी शहरासमोरचं जुवें बेट, म्हणजे सांतु इस्तेव्ह, आणि तिथला किल्ला घेतला. परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय, काउंट ऑफ आल्व्होर, मार खाऊन कसाबसा निसटला. शहर हातचं जाणार असं वाटल्यावर त्याने झेवियरची शवपेटी उघडवून राजदंड संताच्या स्वाधीन केला. पुढे शाहआलमची मुघल फौज कोकणात उतरली आणि मराठ्यांना वळावं लागलं. म्हणजे बॅसिलिकातल्या त्या पेटीशी (प्रश्न 11) आपला असाही संबंध आहे.

याच फेरीत फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. बोट व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेलं की धक्क्यावर लागते. ही कमान वास्को द गामाच्या व्हाइसरॉय झालेल्या पणतूने उभारली, आणि आज दिसते ती 1954 मध्ये पुन्हा बांधलेली आहे. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडीवर. पोर्तुगीजांनी देऊळ मोडल्यावर देव पलीकडे नार्व्याला गेला, आणि ते देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधून दिलं.

15. गोव्यात हिंदू घराण्यांचे वाडे नाहीत का? ते का दाखवत नाहीत?

आहेत, पुष्कळ. पेडण्याला देशप्रभूंचा, साखळीला राण्यांचा, खुद्द पणजीत जुन्या सचिवालयाजवळ म्हामाय कामतांचा. रचना तुम्हाला ओळखीची वाटेल. मधे राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, भोवती पडवी, माजघर, देवघर. ख्रिस्ती घर रस्त्याकडे तोंड करून बसतं, हे घर स्वतःच्या अंगणाकडे.

पण हे वाडे बहुतेक पर्यटकांसाठी खुले नाहीत. सोवळंओवळं, कुलाचार, आणि मुख्य म्हणजे माणसांची वर्दळ. ओळखीतून गेलात तर चहा-फेण्यांसकट स्वागत होईल, ओळख नसेल तर बाहेरूनच नमस्कार करा. गणेशचतुर्थीला कुणाच्या घरचं आमंत्रण आलं तर माझ्या सगळ्या सूचना बाजूला ठेवा आणि जा.

16. इतकी सुंदर घरं कुलूप लावून का पडली आहेत? विकत का घेत नाही कोणी?

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसाहक्क चालतो. मुलगा-मुलगी सगळ्यांना समान वाटा, आणि निम्मी मिळकत मृत्युपत्रानेही वारसांच्या हातून काढता येत नाही. तत्त्व चांगलंच. पण चार पिढ्यांनी एका घराचे चाळीस वारस होतात: दोघे मुंबईत, सहा लिस्बनला, एक टोरांटोला, एक कुणाला माहीत नाही कुठे. वाटणीची 'इन्व्हेंटरी' वर्षानुवर्षं चालते. तोवर कौलं कोण बदलणार? एका पावसाळ्यात कौल सरकतं, दुसऱ्यात वासा कुजतो, तिसऱ्यात भिंत बसते.

कुलूपबंद घराच्या आवारात शिरू नका. राखणदार असतो, नसला तरी साप असतात.

17. आई-बाबांचे गुडघे दुखतात आणि मुलं कंटाळतात. जमेल का? पावसाळ्यात यावं का?

जुन्या गोव्याचा मुख्य परिसर सपाट आहे. सांता मोनिका आणि सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याकडे चढ आहे, तिथे गाडीने जा. घरांत जिने असतात, बहुतेक उंच आणि लाकडी. आई-बाबांना तळमजल्यावर बलकांवात बसवलं तर ते आणि यजमान दोघेही खूश असतात. मुलांना चांदरचं फर्नांडिस घर, 'गोवा चित्र' आणि फेरीबोट. संग्रहालय एका दिवसात एकच.

पावसाळ्यात गोवं सुंदर दिसतं, पण घरं दाखवणाऱ्यांना तो त्रासाचा काळ असतो. ओल्या चपला, छत्र्या, जमिनीला ओल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

18. मराठीचा या सगळ्याशी काही संबंध?

राशोलला जा. मडगावपासून सहा-सात किलोमीटरवर, टेकाडावर सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला, आयुष्याचा बराच काळ सासष्टीत राहिला, आणि त्याचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. भारतातला पहिला छापखाना त्याआधी, 1556 मध्ये जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात उतरला होता. त्या कॉलेजचं आज रस्त्याकाठी फक्त एक प्रवेशद्वार उभं आहे. बस तिथून जाते, कोणी मान वळवत नाही.

19. मुंबईहून गोव्यापर्यंत जाणं जमत नाही. वसई किंवा चौल चालेल का?

अवशेष म्हणून उत्तम, घरं म्हणून नाही. वसईच्या किल्ल्यात 1739 पर्यंत पोर्तुगीज शहर नांदत होतं. चिमाजी अप्पांनी ते घेतल्यावर तिथल्या घंटा आपल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची त्यातलीच. चर्चेसच्या भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत. राहत्या घराचा अंदाज तिथे येत नाही.

20. जुन्या घरातली एखादी वस्तू विकत घेता येईल का?

यजमानांना विचारू नका. फार अपमानास्पद वाटतं. दुकानातून घेत असाल तर 1972 चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हस्तलिखितांना ही मर्यादा 75 वर्षांची आहे. परदेशात राहणाऱ्यांनी विशेष जपावं, विमानतळावर अडचण होते. आणि बाजारातल्या निळ्या फरशा बहुतेक हल्लीच्याच असतात. आवडल्या तर घ्या, पण 'पुरातन' म्हणून जास्त पैसे मोजू नका.

21. आमचं कुलदैवत गोव्यात आहे. आमचं मूळ घर सापडेल का?

घर सापडणं कठीण, गाव सापडतं. आडनाव गावावरून असेल तर अर्धं काम झालं. पण देव आज जिथे आहे ते तुमचं गाव असेलच असं नाही. मंगेशी कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. 1560 च्या सुमारास तो नदीपलीकडे प्रियोळला नेला. शांतादुर्गा केळशीची, ती कवळ्याला गेली. तेव्हा आधी देवस्थानच्या कचेरीत महाजनांच्या याद्या बघा, मग मूळ गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेत, चौकशी करा. पणजीच्या पुराभिलेखागारात जुने कागद आहेत, आणि त्या दप्तराची सुरुवात 1595 ची. पण कागद पोर्तुगीज भाषेत आणि जुन्या वळणाच्या अक्षरात, त्यामुळे वाचणारा माणूस आधी शोधा.

केळशीला एका कुटुंबाला घेऊन गेले होते. देवळाच्या मूळ जागेबद्दल विचारलं, तर बलकांवात बसलेल्या एका ख्रिस्ती आजोबांनी आडनाव विचारलं, थोडा विचार केला आणि काठीने बोट दाखवावं तसं दाखवत म्हणाले, "तुमचे ते तळ्याकडचे." मग आत वळून सुनेला चहा ठेवायला सांगितलं.